युरिन इन्फेक्शन सारखं होतंय, वनौषधी सुचवा

सायली_स: वर्षात तिसऱ्यांदा झालं. अँटिबायोटिकचा कोर्स संपला, आता त्रास नाही. पुन्हा होऊ नये म्हणून काहीतरी हवंय, थोडाफार पुरावा असलेलं. महाग नको आणि काढा नको, ओकारी येते.

निवांत: गोखरूचा काढा. डोळे मिटून घ्या. आमच्याकडे कुणाला उन्हाळे लागले की हेच.

प्राजक्त: अहो, त्या काढा नको म्हणतायत! क्रॅनबेरी कॅप्सूल घ्या. मी सगळ्यात महागड्या घेते, पण तेव्हापासून डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही.

काचपात्र: क्रॅनबेरीला त्यातल्या त्यात आधार आहे. कॉक्रेन (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) चा २०२३ चा आढावा, ५० अभ्यास: वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या बायकांत धोका साधारण पाव हिश्शाने कमी. गरोदरपणात फायदा दिसला नाही. क्रॅनबेरीतल्या प्रोअँथोसायनिडिन या घटकामुळे ई. कोलाय जंतूला मूत्राशयाच्या अस्तराला चिकटणं अवघड जातं. सुरू झालेल्या इन्फेक्शनवर हा उपचार नव्हे. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

निवांत: गोखरूने लघवी साफ होते, डोळ्यांना दिसतं.

काचपात्र: लघवी जास्त होणं वेगळं, जंतू जाणं वेगळं.

प्राजक्त: कॅप्सूलच हं. ज्यूसमध्ये नुसती साखर.

दगडफूल: बिनसाखरेचा मिळतो की.

प्राजक्त: पिऊन बघा एकदा. आंबट ढाण!

दगडफूल: रोज पिते.

मधुरा११: उवा-उर्सी (बेअरबेरी या झुडपाची पानं) राहिलं. आणि क्रॅनबेरी मीही सांगणार होते.

काचपात्र: जर्मनीत इन्फेक्शन झालेल्या बायकांना अँटिबायोटिकऐवजी आधी उवा-उर्सी देऊन पाहिलं. अँटिबायोटिक कमी लागलं, पण त्रास जास्त भोगावा लागला.

खडीसाखर: डी-मॅनोज बेस्ट. वनौषधी नाही, साखरच आहे एक, पण बेस्ट.

काचपात्र: ब्रिटनमध्ये ५९८ बायकांवर चाचणी झाली, निकाल २०२४ चा. रोज २ ग्रॅम, सहा महिने. पुन्हा इन्फेक्शन ५१ टक्क्यांना, तुलनेसाठी नुसती फळांतली साखर (फ्रुक्टोज) घेणाऱ्यांत ५५.७. हा फरक धरण्याजोगा नाही.

नाना_प: पाण्याचं कुणी बोलेना! कमी पाणी पिणाऱ्या बायकांना रोज दीड लिटर जादा प्यायला लावलं, तर वर्षातली इन्फेक्शनं सरासरी १.७, जादा न पिणाऱ्यांत ३.२. २०१८ ची चाचणी, फुकटचा इलाज. आणि ताप, थंडी, कंबरेच्या वर बाजूला दुखणं आलं तर धागे काढत बसू नका, डॉक्टर गाठा.

निवांत: काढ्यातही पाणीच असतं.

सायली_स: सगळ्यांचे आभार. डी-मॅनोज मागवलं. काचपात्र, वाचलं मी सगळं, पण मैत्रिणीला गुण आलाय आणि चवीला गोड आहे. महाग पडलं, असो.

काचपात्र: बरं. निदान पाण्यात घालून घ्या, भरपूर.