चौथीतली मुलगी अक्षर अक्षर लावून वाचते. रोजच्या वाचनाने नेमका काय फरक पडतो?

सदाफुली
मुलगी चौथीत, मराठी माध्यम. अक्षरओळख पक्की आहे, पण वाचताना एकेक अक्षर सुटं काढते. ओळ संपेपर्यंत ओळीची सुरुवात विसरलेली असते. गणितातलं शाब्दिक उदाहरण वाचून दाखवलं की चटकन सोडवते, तेच स्वतः वाचलं की अडते. ‘रोज वाचून घ्या’ असं जो तो सांगतो. पण रोज म्हणजे किती वेळ? मोठ्याने की मनात? आणि त्याने सुधारतं ते काय?

खडूफळा
निदान तुमच्या प्रश्नातच आहे. ऐकलेलं उदाहरण सुटतंय, म्हणजे समज आणि गणित दोन्ही शाबूत. अडतंय ते छापलेल्याचा उच्चार करण्यात. सगळं लक्ष अक्षरं जुळवण्यात खर्च होतं, अर्थाच्या वाट्याला काही उरत नाही. शब्द बघताक्षणी ओळखू यायला लागला की ते लक्ष मोकळं होतं. रोजच्या वाचनाचा पहिला फायदा हा. शब्दसंग्रह, शुद्धलेखन, गोडी वगैरे त्याच्या मागून येतात, आणि ‘वाचाल तर वाचाल’च्या पाट्या लावणारे नेमकं हेच उलट्या क्रमाने सांगतात.

आधी मोजून घ्या. तिने न पाहिलेला, तिसरीच्या पातळीचा परिच्छेद द्या, मोबाइलवर एक मिनिट लावा. दुसरी प्रत तुमच्या हातात ठेवून चुकलेल्या आणि गाळलेल्या शब्दांवर टिंब द्या. ७२ शब्दांपर्यंत पोचली, ९ चुकले, तर हिशेब ६३. २०२१ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, अशी अपेक्षा आहे. पंधरवड्यातून एकदाच मोजा. रोज घड्याळ लावलं की मुलं धावत सुटतात आणि शब्दांची शेवटं गिळतात.

रोज १५ मिनिटं पुरेत, पण खाडा नको. रविवारी दीड तास बसवून ती भरपाई होत नाही. ८० ते १०० शब्दांचा एक तुकडा घ्या. पहिल्यांदा तुम्ही वाचा, तिचं बोट ओळीखाली फिरू द्या. मग दोघी एका आवाजात. मग ती एकटी, दोनदा. दुसऱ्या दिवशी कालचा तुकडा एकदा आणि मग नवा. उरलेल्या पाच मिनिटांत तिला हवं ते, अगदी बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूरसुद्धा चालेल.

सध्या मोठ्यानेच. मनात वाचताना कुठे अडली ते तुम्हाला कळत नाही, आणि तिलाही अवघड शब्द ओलांडून जायची सवय लागते.

सदाफुली
पण तोच तुकडा चार वेळा वाचला तर पाठच होणार ना?

खडूफळा
थोडा होतोच. त्यातले सहा-सात शब्द वहीत उलटसुलट लिहून वाचायला द्या. तिथे अडली तर पाठ झालंय, वाचता आलेलं नाही. चारच्या पुढे मात्र जाऊ नका, कंटाळ्यापलीकडे हाती काही लागत नाही.

वेलांटी
कुठे अडते ते लिहून ठेवा. मराठीत या जागा ठरलेल्या आहेत.

सगळ्यात मोठी जागा म्हणजे न उच्चारलेला ‘अ’. ‘करवत’ हा शब्द मूल क, र, व, त असा सुटा वाचतं आणि चारही अक्षरं पूर्ण उच्चारतं. आपण बोलताना म्हणतो कर्-वत्. तिने जोडलेला आवाज आणि तिच्या कानाला माहीत असलेला शब्द जुळतच नाहीत, म्हणून रोजच्या बोलण्यातला शब्दही तिला परका वाटतो. उपाय सोपा आहे. पेन्सिलीने शब्दात बारीक उभी रेघ मारा: कर|वत, सर|कत, उल|गडा. अक्षरांऐवजी तुकडे वाचायला लावा. दोन-तीन आठवड्यांनी रेघा बंद करा, नाहीतर त्यांचीच सवय होते.

दुसरी जागा र. ‘सूर्य’मधला रफार दिसतो य वर, उच्चारायचा य च्या आधी. ‘चक्र’, ‘ट्रक’, ‘दऱ्या’ इथे त्याचं रूप प्रत्येक वेळी वेगळं. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ शेजारी लिहून फरक ऐकवा. एका दिवशी र चं एकच रूप घ्या, चारही एकदम नकोत.

‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च एकाच खुणेने लिहितात. ‘चाक’ आधी चुकीचा वाचून तिने स्वतःच सुधारला, तर मध्ये बोलू नका. ती अर्थ लावतेय, म्हणजे गाडी रुळावर आहे.

एकूणच अडल्यावर मनात पाच आकडे मोजा. नाहीच आलं तर शब्द सांगून टाका आणि वाक्य पहिल्यापासून वाचून घ्या. ‘नीट बघ’ म्हणून शब्द नीट दिसत नाही.

पुस्तककिडा
निम्मी घरं पुस्तक निवडताना चुकतात. मधल्याच एखाद्या पानावरचे १०० शब्द वाचून घ्या. पाचपर्यंत चुका झाल्या तर सरावाला योग्य. सहा ते दहा असतील तर तुम्ही सोबत बसा. दहाच्या वर गेल्या तर ते पुस्तक तुम्ही वाचून दाखवायचं, तिच्या हाती सरावाला द्यायचं नाही. चौथीत आहे म्हणून चौथीचंच पुस्तक हवं असं काही नाही.

‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार फुकट मिळतात. पहिल्या-दुसऱ्या पातळीपासून धरा. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१पासून निघतंय, जुने अंकही ऑनलाइन आहेत. पण ती पुढची पायरी, आत्ता तुम्ही वाचून दाखवायला घ्या. पहिली-दुसरीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर आहेत, मात्र ‘मी काय लहान आहे का’ हे ऐकायची तयारी ठेवा. धाकटं भावंड किंवा शेजारचं पोर समोर बसवून ‘याला वाचून दाखव’ म्हटलं की तो प्रश्न मिटतो.

वाचनालयातून एका जाड पुस्तकाऐवजी दोन पातळ आणा. पुस्तक संपवल्याचा आनंद लवकर मिळायला हवा.

कडीपत्ता
वरचं सगळं योग्यच, पण आधी डोळे तपासून घ्या. ओळ सुटणं, पुस्तक नाकाशी धरणं, वाचताना डोकं दुखणं यावर सराव हा उपाय नाही.

आणि चार-सहा महिने खरोखर रोज वाचूनही आकडा हलला नाही, लिहितानाही तेच घोळ होत राहिले, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे समज चांगली असूनही वाचन-लेखनात येणाऱ्या कायमच्या अडचणीची, तपासणी करून घ्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत सवलती मिळतात. मुंबईत असाल तर शीवच्या पालिका रुग्णालयात त्यासाठी वेगळं क्लिनिक आहे. जाताना वह्या आणि ही पंधरवड्याची टिपणं सोबत न्या. नुसतं ‘वाचत नाही’ म्हणण्यापेक्षा कोणते शब्द कसे वाचते ते दाखवता येईल.

सदाफुली
डोळ्यांची तपासणी या आठवड्यात करते. आताच तिसरीच्या पुस्तकातला उतारा लावून बघितला. ५८ वाचले, १४ चुकले, म्हणजे ४४. चुकलेल्यांत नऊ ठिकाणी र होता.

वेलांटी
मग रफारापासूनच सुरू करा. सूर्य, पर्वत, वर्ग, गर्दी, मिरची, दोरखंड. शेवटच्या दोन शब्दांत रफार नाही, ते मुद्दाम घातलेत. तिथे र पूर्ण लिहिलाय, पण बोलताना त्यातला ‘अ’ गळतो: मिर|ची, दोर|खंड. र पूर्ण उच्चारून अडली तर रेघ मारून द्या.