अनुभव धागा: दाराजवळचं नवल

मंडळी, कास आणि लोणारबद्दल आपण भरभरून बोलतो. या धाग्यावर लांबचं काही नको. गॅलरीत, परसात, रोजच्या रस्त्यावर असूनही कधी नीट न पाहिलेलं आणि एके दिवशी अचानक नजरेत भरलेलं काही असेल, तर ते सांगा.

सुरुवात मी करते. आमच्या पुण्यात कुठेही पाया खणला की काळ्या दगडांचे ढीग पडतात. शेजारच्या बांधकामावरच्या अशाच एका दगडाच्या पोकळीत मोत्यासारखी चकाकणारी पांढरी स्फटिकं दिसली. हा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागा पोकळ राहिल्या, पुढे पाणी झिरपत राहिलं आणि आत स्टिल्बाइट, अपोफिलाइट अशी खनिजं घडली. वाघोलीच्या खाणींतलं निळंशार कॅव्हन्साइट जगभरचे संग्राहक जपून ठेवतात. आणि आपण असे दगड सर्रास भरावात टाकतो, याचं फार वाईट वाटतं.

सावंतवाडीहून
आंबे काढायला कलमावर चढलं की हुमले, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्या, कडकडून चावतात, एवढीच त्यांची ओळख होती. यंदा गच्चीला टेकलेल्या फांदीवर त्यांचं घरटं बांधणं पाहायला मिळालं. आधी रांगेनं उभं राहून त्यांनी दोन पानांच्या कडा जवळ ओढल्या. अंतर जास्त होतं तिथे एकीनं दुसरीची कंबर धरून साखळी केली. मग काही जणी तोंडात आपल्याच वारुळातली, म्हणजे मुंगीचीच, पांढरी अळी धरून आल्या. अळी या पानाला टेकवायची, मग त्या पानाला. अळीच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमानं पानं सांधली जात होती! मोठ्या मुंगीला हा धागा काढता येत नाही. अळीसुद्धा स्वतःसाठी कोष विणत नाही, सगळं रेशीम घरट्याला जातं. मी दुपारचं जेवण विसरून बघत बसलो होतो.

परळहून
१५ मेच्या आसपास दुपारी साडेबारानंतर चाळीच्या अंगणात उभे राहा. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि पाण्याच्या पिंपाची सावली काही क्षण पूर्ण नाहीशी होते. जुलैअखेरीस पुन्हा असा दिवस येतो, पण ढग पाहू देतील तर. आमची पोरं आता मे महिन्याची वाट बघतात.

वाईहून
घाटाकडे जाताना उंबरांचा सडा तुडवतच जावं लागतं. एक कच्चा उंबर फोडला, तर आत बारीक फुलंच फुलं. टोकाच्या भोकातून इवलीशी मादी कीटक आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात. फुलांना पराग देऊन, अंडी घालून ती आतच मरते. पुढच्या पिढीतल्या नरांना पंखच नसतात. ते माद्यांसाठी बाहेरची वाट कोरतात, आणि त्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. पिंपळाचा कीटक वेगळा, वडाचा वेगळा. ती फळं कुणी फोडून पाहिली असतील तर इथे जरूर लिहा, फोटोही टाका.