धावून थांबले की खोकला सुरू होतो, दम कमी पडतोय की दमा आहे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आधीच सांगते पोस्ट लांबणार आहे, कारण विचारायला आले श्वासाचं आणि लिहिता लिहिता पायाच्या नखापर्यंत पोचलेय.

वय ३८, बाई माणूस. सात महिन्यांपूर्वी धावायला लागले, त्याआधी व्यायाम म्हणजे जिने चढणं, तेही लिफ्ट बंद असेल तर. एक मिनिट धाव दोन मिनिटं चाल असं करत करत आता ५ किमी न थांबता होतात, बेस्ट टाइम ३४ मिनिटं. अडीच महिन्यांनी १० किमीची रेस आहे, उत्साहात नाव नोंदवून बसलेय आणि आता गाडी अडलीये.

पहिले दीड-दोन किमी मजेत जातात. मग असा दम लागतो की बरोबरची मैत्रीण काही विचारते आणि मी नुसती मान हलवते. तेही एक वेळ समजू शकते, पण खरा प्रॉब्लेम थांबल्यावर येतो. धावणं संपून पाचेक मिनिटं झाली, श्वास जागेवर येतोय असं वाटायला लागलं की छाती आवळल्यासारखी होते आणि कोरडा खोकला सुरू, ढास लागते अक्षरशः. वीस मिनिटं, कधी अर्धा तास, मग आपोआप जातो आणि दिवसभर काहीही नाही. थंड पहाटे जास्त होतं. ट्रेडमिलवर दोनदा धावले तेव्हा जवळपास नव्हताच. सर्दी नाही ताप नाही, लहानपणी दमा नव्हता, हां पण धूळ उडाली की सलग दहा-बारा शिंका हे मात्र पहिल्यापासून आहे.

जो तो म्हणतो स्टॅमिना वाढला की जाईल. सात महिने वाढतोच आहे की बिचारा! आधी ३ किमीनंतर खोकायचे, आता ५ नंतर खोकते. घरी तर रोज एकच वाक्य, "कशाला एवढं पळायचं", त्यामुळे घरी मी आता खोकला पूर्ण संपल्यावरच शिरते, जिन्यात बसून राहते तोवर.

बाकीच्या तक्रारी पटापट सांगते. उजव्या बरगडीखाली चमक भरते, आठवड्यातून एकदा तरी, वाकूनच उभं राहावं लागतं. दोन्ही नडग्यांच्या आतल्या कडेला दुखतं, सुरुवातीला जास्त, अंग गरम झालं की कमी. डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय. आणि घड्याळ हळू धावतानाही हार्ट रेट १७६ दाखवतं, २२० वजा वय केलं तर माझा कमाल १८२ येतो, म्हणजे मी रोज मरणाच्या दारात धावतेय का?

मुख्य प्रश्न एवढाच की साधा दम लागणं आणि श्वासनलिकेचा त्रास यातला फरक ओळखायचा कसा. डॉक्टरकडे जायची तयारी आहे, पण "धावणं बंद करा" एवढंच ऐकून परत यायचं नाहीये.

प्रतिसाद

ताई, हळू धावताना १७६ म्हणताय, पण हळू म्हणजे किती? ५ किमी ३४ मिनिटांत म्हणजे किमीला ६:४८ झाले, तो तुमचा रेसचा पेस आहे. रोजचं धावणं पण ७ च्या आसपास करत असाल तर तुम्ही रोज रेसच धावताय. सोपी टेस्ट आहे, धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर पेस जास्त आहे. तुम्ही मान हलवताय म्हणजे बघा. किमीला सव्वाआठ-साडेआठ मिनिटांनी धावा, लाज वाटेल, चालणारे काका पुढे जातील, जाऊ द्या. मी वर्षभर हाच घोळ घातलेला, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतोय.

आणि घड्याळाचं मनावर घेऊ नका. मनगटावरचा सेन्सर कधी कधी नाडीऐवजी पावलांचा ठेका पकडतो, तुमची पावलं मिनिटाला १७० च्या पुढे पडत असतील तर तो आकडा पावलांचाही असू शकतो. थांबल्या थांबल्या मानेवर बोटं ठेवून १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. २२० वजा वय हा पण अंदाजच, एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज असतो.

प्रतिसाद

वरच्यांशी पेसबद्दल सहमत, पण खोकल्याचं उत्तर त्यात नाही. साधा दम थांबलं की उतरायला लागतो, दोन-चार मिनिटांत माणूस बोलायला लागतो. तुमचं उलटं आहे, थांबल्यावर वाढतंय. माझं हुबेहूब असंच होतं आणि निघाला व्यायामाने येणारा दमा, म्हणजे जोरात श्वास घेताना श्वासनलिका आकसतात. आपण धावताना नाकाने पुरत नाही म्हणून तोंडाने ढीगभर हवा ओढतो, ती थंड कोरडी हवा गरम आणि ओली करायचं काम नाकाऐवजी आतल्या नळ्यांवर पडतं, त्या कोरड्या पडतात आणि आवळतात. थंड पहाटे जास्त, ट्रेडमिलवर कमी, ॲलर्जीच्या शिंका, सगळं त्याच दिशेला बोट दाखवतंय. अर्थात मी डॉक्टर नाही, तपासल्याशिवाय काही धरून चालू नका.

छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि स्पायरोमेट्रीबद्दल विचारा. नळीत जोरात फुंकायचं असतं. मुद्दा असा की बसल्या बसल्या केली तर ती नॉर्मल येऊ शकते, माझी पहिली तशीच आली आणि सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. व्यायामाच्या आधी आणि नंतर अशी करून घेतात, पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा नंतर १० टक्के किंवा जास्त घटली तर मग निदानाला आधार मिळतो. जाण्याआधी दोन आठवडे वहीत लिहून ठेवा, किती वाजता धावलात, थंडी होती का, खोकला थांबल्यावर किती मिनिटांनी आला, किती वेळ टिकला, त्याचा फार उपयोग होतो. आवाज येत असेल तर तोही ऐका. श्वास सोडताना शिट्टी वाजते की घेताना घशात घरघर होते? घेताना होत असेल आणि थांबल्यावर लगेच जात असेल तर कधी कधी दोष स्वरयंत्रापाशी असतो आणि त्याला पंपाचा (इन्हेलरचा) उपयोग होत नाही.

मला धावण्याआधी १५ मिनिटं इन्हेलर घ्यायला सांगितलाय, पण कुणाचा तरी पंप मागून ट्राय करू नका हं. बिनऔषधाची एक गोष्ट आहे ती म्हणजे वॉर्मअप. दहा-पंधरा मिनिटं, त्यात मधेच २०-३० सेकंदांचे पाच-सहा जोरकस तुकडे. बऱ्याच जणांच्या नळ्या त्यानंतर तास-दोन तास तेवढ्या आवळत नाहीत. थंडीत नाकातोंडावर पातळ स्कार्फ घ्या. आणि धावणं बंद वगैरे कुणी म्हणालं तर सांगा, ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफला दमा आहे, तरी तिने २००३ मध्ये लंडन मॅरेथॉन २:१५:२५ मध्ये मारली आणि तो बायकांचा विश्वविक्रम २०१९ पर्यंत टिकला. आपण १० किमी तर करूच.

प्रतिसाद

हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) तपासलंय का? बायकांमध्ये दम लागण्याचं हे अगदी नेहमीचं कारण, हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर कितीही ट्रेनिंग करा, पाय जडच. फेरिटिन वेगळं सांगून करून घ्यावं लागतं, हिमोग्लोबिन ठीक असूनही ते कमी निघू शकतं.

चमक भरते तेव्हा वेग कमी करा, दुखतं तिथे हाताने दाबा, ओठ आवळून लांब श्वास सोडा. भरपेट खाऊन किंवा भसाभस पाणी पिऊन निघत असाल तर ते बंद, जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्या. नेमकं कारण डॉक्टरांनाही पक्कं माहीत नाहीये, पण त्रास निरुपद्रवी आहे.

नडगीकडे मात्र लक्ष ठेवा. लांबलचक पट्टा दुखतो तोवर अंतर कमी करून, पोटऱ्यांचे व्यायाम करून भागतं. एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखायला लागलं, किंवा रात्री झोपेत पण ठणकलं, तर धावणं त्याच दिवशी थांबवा आणि हाडाच्या डॉक्टरांना दाखवा, हाडाला बारीक तडा असू शकतो. नख बुटाचं आहे. पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि बूट संध्याकाळी, पाय फुगलेले असताना घ्यायचे.

एक राहिलं. धावताना छातीत दाब येऊन हात किंवा जबड्याकडे दुखणं, चक्कर येऊन पडणं, बसल्या जागी दम, किंवा एकच पोटरी सुजून दम लागणं, यातलं काही झालं तर इथे लिहीत बसू नका, सरळ हॉस्पिटल.

धागाकर्तीचा प्रतिसाद, तीन आठवड्यांनंतर

सगळ्यांचे खूप आभार, आणि उशिराबद्दल सॉरी. तर झालं असं की वही घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी ती पूर्ण वाचली, मलाच ओशाळल्यासारखं झालं कारण मधे "आज खोकला नाही पण मूड पण नाही" असंही लिहिलेलं. बसून केलेली टेस्ट नॉर्मल, मग ट्रेडमिलवर पळवून परत फुंकायला लावलं तर १४ टक्के घट. म्हणजे आहे. पंप दिलाय, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून कसा घ्यायचा ते दोनदा करून दाखवलं, आणि ॲलर्जीसाठी नाकाचा स्प्रे. धावणं बंद करा असं त्या म्हणाल्या नाहीत, मीच विचारलं तर म्हणाल्या "का बंद करायचं?" हिमोग्लोबिन ११.२ निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू आहेत.

मानेवर बोटं ठेवून मोजलं तर १५२ आले, तेव्हा घड्याळ १७५ म्हणत होतं. आता साडेआठच्या पेसने धावते, मैत्रिणीला सगळ्या गोष्टी सांगते, ती म्हणते आधीच बरं होतं. परवा ६ किमी झाले, खोकला आला पण पाच मिनिटांत गेला. चमक अजून अधूनमधून येते, नडगीसाठी आठवड्यातून तीनच दिवस धावतेय.

घरी सांगून टाकलं, जिन्यात बसणं बंद. बूट अर्धा नंबर मोठे घेतले. नख मात्र काल पडलं, फोटो काढलाय पण टाकत नाही.