किंमत मोजली, पण ठरवली कुणी?

"प्रसिद्धी तिला हवी होती, मग किंमतही तिनेच मोजायची" असं एखाद्या सिनेनटीबद्दल म्हटलं जातं, ते मत अर्धंच पटतं. हौस तिची होती, मान्य. पण किंमत किती हे करारावर सही करताना तिला कुठे कळलेलं असतं?

जुन्या हॉलिवूडमध्ये स्टुडिओवाले कोवळ्या मुलींकडून सात वर्षांचे करार करून घेत. नकोशी भूमिका नाकारली की पगार बंद, आणि वर ते बिनपगारी दिवस कराराच्या शेवटी जोडायचे! म्हणजे सात वर्षं संपतच नसत. (सावकारी वेगळी ती काय?) ऑलिव्हिया डी हॅविलंड या नटीने वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओशी करार केला तेव्हा ती अवघी 18 वर्षांची होती. पुढे याच जोडलेल्या दिवसांवरून ती कोर्टात गेली आणि 1944 मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने सात वर्षं म्हणजे कॅलेंडरचीच सात वर्षं असा निकाल दिला. त्या भांडणापायी जवळजवळ दोन वर्षं तिला काम मिळालं नाही. नंतर दोन ऑस्कर मिळाले, ते वेगळं. पण ती तेव्हा नाव असलेली नटी होती, वकील परवडत होता. नवख्या मुलीने कुणाच्या जिवावर भांडायचं?