नुसतं बघायला माणूस छपरावर चढवायचाच कशाला?

जांबोटीची सून
मिरगाच्या आत शाकारणी उरकायची म्हणून आमच्या बेळगावकडं घरोघरी शिड्या लागल्यात. माझा राग दुरुस्तीवर नाही, ‘जरा वर जाऊन बघून ये रे’ यावर आहे. कुठं गळतंय हे बऱ्याचदा आतूनच कळतं. भर दुपारी माळ्यावर अंधार करून वर बघा, उजेडाची तिरीप आली की तिथलं कौल सरकलेलं किंवा फुटलेलं. वाशावर ओघळाचे डाग असतात, ते धरून वरच्या अंगाला शोधत जायचं, कारण पाणी ठिबकतं एकीकडं आणि शिरतं दुसरीकडून. राहिलेलं बघायला वळचणीपर्यंत शिडी आणि काठीला बांधलेला मोबाईल पुरतो. एवढ्यानं भागलं नाही तरच चढावं, तेही आढ्याला अडकवलेली शिडी आणि दोर असेल तर. ही सोय मालकानं करायची, असं माझं स्पष्ट मत आहे.

कौलवाला काका
ताई, फोटोत कौल साबूत दिसतंय. रिपेला, म्हंजे खालच्या आडव्या पट्टीला, अडकायचा खालचा दात मोडलेला असला तर ते फोटोत कसं दिसणार? हात लावल्याबिगर कळत नाही. पहिल्या वाऱ्याला ते घसरतंय आणि मग तुम्हीच फोन करताय, ‘काका, काय बघितलंत?’ आणि दोर बांधायचा कशाला? वाशाला? अर्ध्या घरांचे वासे वाळवीनं पोकळ झाल्यात. दोर पायात आला तर हाय तो माणूस पडायचा. अनवाणी पायाला कौल बरोबर कळतंय.

उद्यमबाग दुसरी पाळी
काका, कौलावर तुमचा पाय जाणता आहे, मान्य. सिमेंटच्या पत्र्यावर तो काय करणार? पत्रा वाकत नाही, करकरत नाही, एकदम फुटतो. आमच्या फाउंड्रीच्या शेडला उजेडासाठी मधे मधे फायबरचे पारदर्शक पत्रे आहेत. वाळूची काळी धूळ बसली की वरून सगळं एकसारखं दिसतं. खालून बघितलं तरच कळतं कुठला कुठला. ‘बोल्टच्या रेषेवरनं चाल’ असं नव्या पोराला सांगतात, पण पत्र्याखालची आधाराची पट्टी अरुंद आणि भोकाभोवतीच पत्रा तडकलेला. पाय टाकायचा तर दोन-तीन पट्ट्यांवर टेकेल अशी रुंद फळी पाहिजे. उंचावरनं पडायची भीती असेल तिथं बंदोबस्त करा, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातच लिहिलेलं होतं. आमच्याकडं मात्र बंदोबस्त म्हणजे भिंतीवरचा कन्नड फलक. वर चढणारा पोरगा बिहारचा.

निपाणी ठेकेदार
लिहायला सोपं आहे हो. काम दोन तासांचं, तेही अंगावर घेतलेलं. फळ्या, दोर, दुसरा माणूस धरून भाव सांगितला की मालक म्हणतो, ‘शेजारच्याचं निम्म्यात झालंय.’ मी नको म्हटलं की दुसरा चढतो, तो पण बिनदोराचा. मालकाला पटत नाही तोवर कामगाराला नियम सांगून उपयोग नाही. अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा मात्र मी घेऊन ठेवलाय.

उद्यमबाग दुसरी पाळी
पट्टा घेतला म्हणजे सुटलो असं नाही, दादा. झटका शोषणाऱ्या पट्ट्याचा दोर साधारण १.८ मीटर. पडल्यावर शोषक उलगडतो, तो पावणेदोन मीटरपर्यंत. त्याखाली पट्ट्याच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर, आणि पायाखाली मीटरभर मोकळी जागा. म्हणजे जिथं अडकवलाय तिथून खाली ६ मीटर पाहिजेत. आपल्या घराची वळचण दहा फुटांवर! दोर ताणायच्या आत माणूस अंगणात.

कौलवाला काका
मग मी येगळं काय सांगतोय?

कॅम्प
ड्रोन उडवा की, भांडताय कशाला.

जांबोटीची सून
@कॅम्प, सांबऱ्याचा विमानतळ आणि मिलिटरी शेजारी आहे, आधी परवानगी बघा.
काका, बुटक्या घराला पडल्यावर धरणारा दोर कामाचा नाही, काठापर्यंत पोचूच न देणारा आखूड दोर पाहिजे. वाशाला नाहीच बांधायचा. आढ्यावरून पलीकडं टाकून परड्यातल्या आंब्याच्या बुंध्याला बांधा. पत्र्यावर ही युक्ती चालणार नाही, तिथं माणूस मधूनच खाली जातो. आणि ठेकेदार दादा, भावात ‘शिडी-दोर’ अशी वेगळी ओळ घाला. मालकाला खोडायची असेल तर त्यानं स्वतःच्या हातानं खोडावी.

निपाणी ठेकेदार
खोडतील. लाजणार नाहीत.

कौलवाला काका
आंबा नसंल तर? आमच्यात ट्रॅक्टरला बांधत्यात.

जांबोटीची सून
मग किल्ली चढणाऱ्याच्या खिशात.

कौलवाला काका
मालक देतोय व्हय किल्ली! त्याला मधेच डेअरीला जायचं असतंय.