सोसायटी ग्रुप : ४८ कॅमेऱ्यांसाठी रेकॉर्डर कोणता घ्यावा?

सचिव : सप्रेम नमस्कार. तिन्ही विंग, पार्किंग आणि दोन्ही गेट मिळून ४८ आयपी कॅमेरे बसवण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर झाला आहे. फोंड्यातील एका पुरवठादाराने ६४ चॅनेलचा (एका कॅमेऱ्याला एक चॅनेल) एक एनव्हीआर, म्हणजे नेटवर्कवरून येणारे चित्रण साठवणारा रेकॉर्डर, आणि ८ टीबीच्या चार हार्ड डिस्क असे कोटेशन दिले असून, त्यात ३० दिवसांचे रेकॉर्डिंग राहील असे नमूद केले आहे. वर्क ऑर्डर देण्यापूर्वी जाणकार सभासदांनी मत कळवावे.

बी-४०२ : सचिवसाहेब, चॅनेल पुरेसे आहेत, परंतु सर्व कॅमेऱ्यांकडून एकाच वेळी येणारा डेटा हा रेकॉर्डर किती पेलू शकतो, म्हणजे त्याची इनकमिंग बँडविड्थ किती, याचा कोटेशनमध्ये उल्लेखच नाही. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत) मध्ये साधारण ४ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) घेतो असे धरले, तर ४८ कॅमेऱ्यांचे १९२ एमबीपीएस होतात. अखंड रेकॉर्डिंगमध्ये १ एमबीपीएसला दिवसाला १०.८ जीबी लागतात, म्हणजे आपल्याला रोज २ टीबीहून थोडी अधिक जागा लागेल आणि ३२ टीबी पंधरा दिवसांतच भरतील. एक डिस्क बिघडली तरी रेकॉर्डिंग वाचावे म्हणून रेड ५ (डेटा सर्व डिस्कवर वाटून ठेवण्याची पद्धत) ठेवले, तर एका डिस्कइतकी जागा त्यातच जाऊन जेमतेम साडेअकरा दिवस उरतात. चवथीला अर्धी सोसायटी कुलूप लावून गावच्या घरी जाते. ज्यांचा गणपती अकरा किंवा एकवीस दिवसांचा असतो, ते परत येईपर्यंत पहिल्या रात्रीचे रेकॉर्डिंग पुसले गेलेले असण्याचीच शक्यता अधिक.

खजिनदार : हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग होणार असल्याने ३० दिवस सहज निघतील, असे पुरवठादाराचे म्हणणे आहे. खर्च दुप्पट होणार असेल तर पुन्हा सभा बोलवावी लागेल.

बी-४०२ : काका, उन्हाळ्यात ते कदाचित खरे ठरेल. जून ते सप्टेंबर मात्र पावसाच्या सरी, कंपाउंडलगतच्या माडांच्या हलणाऱ्या झावळ्या आणि इन्फ्रारेडच्या उजेडात भिंगासमोर जाळे विणणारे कोळी यांमुळे बाहेरच्या कॅमेऱ्यांना रात्रभर हालचालच दिसत राहते. शिवाय अंधारात चित्र दाणेदार होते आणि बिटरेट, म्हणजे दर सेकंदाचा डेटा, वाढतो, म्हणून त्यावर कमाल मर्यादा घालणे अधिक भरवशाचे. गेट आणि पार्किंगच्या १२ कॅमेऱ्यांना ४ एमबीपीएस ठेवून, जिने व लॉबीच्या ३६ कॅमेऱ्यांचे फ्रेम (दर सेकंदाला टिपली जाणारी चित्रे) कमी करून त्यांना २ एमबीपीएसवर आणले, तर एकूण १२० एमबीपीएस होतात. मी तर एका मोठ्या रेकॉर्डरऐवजी ३२ चॅनेलचे दोन सुचवीन. प्रत्येकात ८ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये ठेवल्यास अखंड रेकॉर्डिंगचे सुमारे ३७ दिवस मिळतात. एकाच गेटचे दोन कॅमेरे वेगवेगळ्या रेकॉर्डरवर जोडावेत, म्हणजे एक बंद पडला तरी ते गेट पूर्ण आंधळे होणार नाही. चार डिस्कच्या एनव्हीआरमध्ये रेड असतेच असे नाही. ते लेखी मागावे. डिस्क मात्र चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हेलन्स प्रकारच्याच हव्यात.

ए-१०३ : आमच्या मजल्यावरचा कॅमेरा थेट आमच्या दारातून आत पाहील, त्याचे काय? आणि पासवर्ड कोणाकडे राहणार?

बी-४०२ : ताई, तुमच्या दारापुरता भाग कॅमेऱ्यातच प्रायव्हसी मास्कने झाकता येतो, म्हणजे तो रेकॉर्डच होत नाही. वॉचमनला फक्त लाइव्ह पाहण्याचे लॉगिन द्यावे. अ‍ॅडमिन पासवर्ड समितीकडे असावा आणि कंपनीचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने असेच मूळ पासवर्ड वापरून असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. मोबाइलवर पाहता यावे म्हणून राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून आत येण्याची वाट) उघडून ठेवण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. रेकॉर्डरची वेळ एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ आपोआप जुळवणारी पद्धत) जुळवलेली असावी, कारण घड्याळ वीस मिनिटे पुढे असले की पोलिसांना दिलेल्या फुटेजवर पहिला आक्षेप तिथेच येतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा फुटेजसोबत प्रमाणपत्रही जोडावे लागते.

खजिनदार : दोन रेकॉर्डरचा पर्याय मला पटतो, पण दोन्ही वॉचमनच्या केबिनमध्ये नकोत. चोर आधी तेच उचलतील.

सचिव : मान्य. दोन्ही रेकॉर्डर सोसायटीच्या कार्यालयात कुलूपबंद रॅकमध्ये राहतील आणि वीज वारंवार जाते हे लक्षात घेऊन रेकॉर्डर व स्विच दोन्ही यूपीएसवर घेतले जातील. विंगांमध्ये फायबर (वीज न वाहणारी काचेच्या तंतूंची केबल) टाकण्याचा वेगळा दरही मागवतो, कारण तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे आणि गेल्या पावसात विजेच्या कडकडाटात इंटरकॉमचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. इनकमिंग बँडविड्थ, रेड आणि अखंड रेकॉर्डिंगचे ३० दिवस, तसेच ९ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या सुरक्षा निकषांनुसार कॅमेऱ्यांचे प्रमाणपत्र, एवढे लेखी नमूद केलेले सुधारित कोटेशन शनिवारपर्यंत मागवत आहे. ते येईपर्यंत आगाऊ रक्कम दिली जाणार नाही.