मदत हवी आहे: रहिवाशांसोबत सिम्युलेशन बनवताना नियम कोणाचे धरायचे?

नमस्कार मंडळी,

पावसाचं पाणी वस्तीत शिरल्यावर लोक घर कधी सोडतात आणि कुठल्या वाटेने निघतात, याचं सिम्युलेशन आम्ही नेटलोगोमध्ये करतोय (प्रत्येक माणसाला नियम देऊन सगळ्यांचं मिळून काय होतं ते दाखवणारं सॉफ्टवेअर). ते रहिवाशांसोबत बसूनच बनवायचं, असं पहिल्यापासून ठरलं आहे.

नकाशापर्यंत मजा आली. तुंबणारं गटार, रात्री कुलूप लागणारं फाटक, हे कुठल्याच सर्वेक्षणात नव्हतं. बायकांनी बोट ठेवून दाखवलं. गाडी अडली ती वागण्याच्या नियमांवर. 'इशारा मिळाला की निघायचं' हा आमचा नियम त्यांनी हसण्यावारी नेला. काही म्हणतात, शेजारी हलले की आम्ही हलतो. काही म्हणतात, घरात म्हातारं माणूस असलं की पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत कोणी उठत नाही. दोन्ही पटतं, पण किती शेजारी गेल्यावर? आकडा कोणी देत नाही. शिवाय तावातावाने बोलणाऱ्याचाच नियम कोडमध्ये जातो, ही वेगळी डोकेदुखी.

फ्रेंच संशोधकांच्या कंपॅनियन मॉडेलिंगबद्दल वाचलंय: आधी भूमिका घेऊन खेळ, मग त्यातल्या निर्णयांवरून एजंटचे, म्हणजे सिम्युलेशनमधल्या माणसांचे, नियम. इंग्लंडमधल्या पिकरिंगचंही वाचलं. 2007च्या पुरानंतर तिथे रहिवासी आणि शास्त्रज्ञ एका गटात बसले. वरच्या भागात छोटे बांध घालून पाणी थोपवलं तर काय होईल, हे त्यांनी मिळून मॉडेलवर तपासलं. पण तो पाण्याचा हिशेब होता, आमचं अडतंय माणसांपाशी.

असा खेळ कोणी प्रत्यक्ष घेतलाय का? आणि स्क्रीनवर ठिपका लाल झाला की 'माझं घर बुडणार का?' असं विचारतात, त्यांना काय सांगायचं?

प्रतिसाद:
घेतलाय. आकडा विचारूच नका. 'पाणी पायरीला लागलं', 'समोरच्या घराला कुलूप' असं लिहिलेले पत्ते एकेक उघडा आणि प्रत्येकाला निर्णय चिठ्ठीवर लिहायला लावा. चिठ्ठ्या एकदम उघडायच्या, म्हणजे मोठ्या आवाजाचा जोर चालत नाही. आकडे त्या चिठ्ठ्यांतूनच निघतात.

सगळ्यांसाठी एकच नियम कशाला? दोन प्रकारचे एजंट ठेवा, त्यांचं प्रमाण स्लायडरवर (स्क्रीनवरच्या सरकपट्टीवर) द्या आणि स्लायडर रहिवाशांच्या हातात द्या. प्रमाण बदलूनही निकाल फारसा हलला नाही, तर त्या वादात वेळ घालवू नका.

लाल ठिपक्यांचं म्हणाल तर सिम्युलेशन एकदाच चालवून कधीच दाखवू नका. नेटलोगोमधल्या बिहेवियरस्पेस या सोयीने तीच परिस्थिती पुष्कळदा चालवा आणि वेगवेगळे निकाल शेजारी शेजारी लावा. घरांच्या जागी गल्ल्या रंगवल्या तरी निम्मे प्रश्न कमी होतील.